हक्कसोड

हरेश्वरदादाच्या गावाचं नाव
मला अजून धड म्हणता येत नाही.
तो म्हणतो, पारसिकच्या डोंगरामागं म्हण, बास.

इथून क्वालालंपूर, तिथून पाडांग,
मग जीप, जीपच्या टपावर कोंबड्या,
जीप थकते तिथं एक पोरगा
मोटारसायकल घेऊन उभा असतो,
आणि मोटारसायकल थकते
तिथं नदी.
नदीवर दोन वायररोप, खाली फळ्या,
चौथी फळी नाही.
सगळ्या गावाला ठाऊक आहे चौथी फळी नाही,
म्हणून कुणी ती बसवत नाही.

वीस वर्षं टगबोटीच्या इंजिनात काढली त्यानं
आणि उतरला कुठं,
तर बायकोच्या गावी, देस्नीच्या,
समुद्रापासून पाच तास आत.
आई म्हणायची, कोळ्याचा पोर डोंगरात गेला,
मासा झाडावर चढला.

आज टेबलावर पाचशेचा स्टॅम्प आहे.
दिवाळ्याच्या वरच्या अंगाला आमची खारीतली शेती,
जिच्यावर आता सेक्टर आहे,
तिच्या बदल्यात साडेबारा टक्के,
त्या साडेबारा टक्क्यांत आम्ही पाच भावंडं,
पाचांत दोन बहिणी,
आणि बहिणींसाठी एक छापील मजकूर:
मी राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय.
वकिलानं पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्यात
सही कुठं ते कळावं म्हणून.
दामूदादानं साडी आणलीये, भारीतली.
पिशवी माझ्या पायाशी.
सुमनताईनं मागच्याच बुधवारी केली सही.
तिला मोरपिशी मिळाली.

हरेश्वरदादाचीही सही हवी, म्हणून हा फोन.
त्याला मेदानच्या कचेरीत जावं लागेल,
बसनं एक रात्र आणि अर्धा दिवस,
त्याआधी ती चौथी फळी.
"जाईन," म्हणतो, "दालचिनी उतरली की."
फोन फिरवून दाखवतो.
अंगणभर सालं पसरलेली, तांबूस, कडेनं वळलेली.
आपल्याकडं वलांडीवर बोंबील असतात
तसंच कुत्रं राखणीला,
तसंच झोपलेलं.

"किती जमीन रे तुझी?" दामूदादा.
भाऊ भावाला हेच विचारतो.

"माझी नाय काय. परक्याचे नावावर होतच नाय हिकरं.
परका नसतो तरी नसती झाली.
हिकरं आयची लेकीला, लेकीची तिचे लेकीला.
जावई म्हंजे खोडावरची राख, सासू म्हणते,
वारा आला की गेला."
आणि हसतो. पुढचे दोन दात गेलेत.

टेबलावर कुणी हसलं नाही.
दामूदादा म्हणाला, आवाज तुटतोय.
आवाज तुटत नव्हता.

मग त्याच्या खांद्यावरून एक म्हातारी वाकली,
डोक्यावर फडकं, हाताला चिखल,
माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी म्हणाली.
"विचारते, ही तुझी धाकटी ना,
हिचं शेत केवढं?"

केवढं.
बाबांच्या मागून बांधावरून चालताना
मी पावलं मोजायचे, शंभरानंतर मला येत नव्हतं,
म्हणून पुन्हा एकपासून.
किती वेळा एकपासून, ते मोजलं नाही.
"सांग तिला," म्हटलं,
"स्टेशनबाहेर गाड्या लावतात ना, तेवढं."
त्याला बहुतेक शब्द सापडेना.
त्यानं नुसते दोन्ही हात पसरले,
फोन पडला, आभाळ दिसलं,
आणि म्हातारीचा आवाज,
बरंच मोठं की, अशा सुरातला.

वहिनीनं चहाचा कप नेमका स्टॅम्पवर ठेवला.
गोल उमटला.
वकील म्हणाले, चालतं,
सहीची जागा सोडून डाग कुठंही चालतो.

मी पेनाला टोपण लावलं.
दादाची येऊ दे आधी, म्हटलं.
दालचिनी वाळायला किती दिवस लागतात
ते विचारायचं राहून गेलं.
पिशवी मी पायानं जरा
टेबलाखाली सरकवली.
कुणाच्या बाजूला गेली,
ते वाकून पाहिलं नाही.