टेबलावरचं ल्यों

टेकडीवर गेलो खास शहर बघायला,
तर शहर धुक्यानं गिळलेलं.
कठड्याशी नाणं टाकायची दुर्बीण.
टाकलं. दोन मिनिटं नुसतं पांढरं पाहिलं,
पैसे वसूल.

खाली सोन नदीच्या काठाशी,
काचांवर वाफ धरलेल्या खानावळीत
ओदीलबाईंनी विचारलंच नाही काय हवं ते.
कांद्याचं सूप आलं, वर चीजची जाड साय,
चमचा उचलला तर तार तुटेना.
जीभ पोळली. बरं वाटलं.

शेजारी म्हातारा, गास्पार,
चाळीस वर्षं टेकडीची रेल्वे चालवलेला.
"दिसलं काही वर?"
नाही, म्हटलं.
त्यानं माझी ताटली बाजूला सारली
आणि टेबलावरच्या कागदावर पेन टेकवलं.
ही सोन, हा रोन,
आमच्यात ती बाई, तो बुवा.
हा पूल, इथे माझी सायकल चोरीला गेली.
ही शाळा. हे मार्तचं घर.
मार्त कोण, ते सांगितलं नाही,
फक्त तिच्या खिडकीत एक दिवा काढला,
तो मात्र सावकाश, नीट.

संगमावर माझ्या पेल्याचा लाल गोल उमटला.
"बरोबर," तो म्हणाला, "तिथे पाणी तसंच फिरतं."

मग गुलाबी बदामांचा टार्ट, कॉफी, बिल.
ओदीलबाईंनी सवयीनं कागद ओढला,
पावाचा चुरा, पूल, दोन्ही नद्या
एका मुठीत गोळा.

मी हात पुढे केला.
गास्पार कोट चढवत म्हणाला,
"राहू दे.
उद्याही धुकंच आहे."