टॉडहंटरचे गुडघे

शाळेची बस साडेसातला सुटते, चालवते मीच.
त्याआधी हॅरो पाइकच्या दोन फेऱ्या.
कपाळावर दिवा, खिशात मीठ लावलेले उकडलेले बटाटे,
आणि नेच्याच्या ओल्या रानातून वर जाणारी
मेंढरांनी पाडलेली पायवाट,
जी अर्ध्यात संपते, जणू पुढचं
त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

चढ कुणालाही येतो, टॉडहंटर म्हणायचा.
हात मांडीवर, मान खाली,
भांडी घासल्यासारखा उरकत जा.
उतार मात्र शिकावा लागतो.
पायांकडे पाहिलंस की पडलीस.
नजर तीन पावलं पुढे,
बाकी पायांवर सोडायचं. त्यांना कळतं.

पडले. पहिल्या वर्षी सतरा वेळा.
त्याच्या वहीत नोंद आहे:
तारीख, जागा, कोणतं कोपर.
एका रविवारी अजिबात पडले नाही,
तर त्यानं लिहिलं, "आज वेग कमी होता."

आता त्याचा पलंग खालच्या खोलीत आहे.
जिना उतरायचा तर पाठमोरा उतरतो,
कठडा धरून, रांगत्या पोरासारखा,
आणि खाली पोचला की
कुणी पाहिलं का, म्हणून कुत्रीकडे बघतो.

ऑक्टोबरातली शर्यत. बेचाळीस मैल, अकरा माथे.
तिसऱ्या माथ्यावर ढग खाली आला
आणि पुढची माणसं पुसली गेली.
मग होकायंत्र, आणि दगडी कुंपणाचा ओला खांदा,
आणि दलदल, जिनं डावा बूट मागून घेतला
आणि बऱ्याच विनवणीनंतर परत दिला.
सातव्या माथ्याखाली तंबूत ब्रायनी नावाची मुलगी
चहात चार चमचे साखर घालत म्हणाली,
"गाडी आहे खाली. लाज नाही त्यात."
गाडीच्या काचेतून पिवळा उजेड येत होता,
आत कुणीतरी घोंगडी पांघरून झोपलेलं.
मी चहा संपवला. फार हळू संपवला.

बत्तिसाव्या मैलाला एका धोंड्याशी भांडले.
तो काही हलेना.
शेवटी मीच हलले.

आणि मग सोअर डॉडचा घसारा.
रात्रीचे पावणेदहा, दिव्याच्या वर्तुळात फक्त खडी,
ती निघाली, तिच्याबरोबर मी निघाले,
हात कुठेही, लग्नात नाचणाऱ्या मामासारखे,
दगड पायांआधी, पाय माझ्याआधी,
आणि मला हसू फुटलं,
एकावन्न वर्षांच्या बाईला, एकटीला, अंधारात,
इतकं की खालच्या गोठ्यातलं कुत्रं भुंकायला लागलं.

चौऱ्याहत्तरांत मी एकसष्टावी.
पायाची दोन नखं काळी. सभागृहात सूप संपलेलं,
पाव होता.

सोमवारी बस लावून त्याच्याकडे गेले.
वेळ विचारली नाही, नंबरही नाही.
"घसाऱ्याच्या डाव्या अंगाला झरा होता,
वाहतोय?"
वाहतोय. मी सांगत गेले, वरून खाली,
सपाट दगड, मग तुटकं कुंपण, मग ती वळणाची जागा.
डोळे मिटलेले त्याचे. पांघरुणात टाच किंचित वळली.
मी गप्प झाले.
"थांबू नकोस," म्हणाला,
"उतारावर थांबलं की पडतं माणूस."

कुंपणापर्यंत आणलं त्याला. मग त्यानं विचारलं,
"किती वेळा?"
दोनदा, मी म्हटलं.
त्यानं उशीखालून वही काढली,
पेन्सिलीला जिभेनं ओल दिली:
"कोपर कोणतं?"