प्रस्तावित, विद्यमान

सहमच्या नगरपालिकेत दुसऱ्या मजल्यावर
माझं टेबल एसीच्या बरोबर खाली,
म्हणून मे महिन्यातही मी मफलर गुंडाळून
उन्हाचे नकाशे काढतो.

यंदा मस्कतहून पत्र आलं:
वस्तीनं आपला आराखडा आपण करावा,
पैसे सरकार देईल.
तीन हप्ते. पहिला सह्या झाल्यावर,
दुसरा बैठकीचे फोटो पाहून,
तिसऱ्याचं कुणी बोलत नाही.
आमच्या देवरुखातही बोलत नसत.
तिथे मी सात मार्चएंड काढलेत,
अनुदान मला टँकरइतकं ओळखीचं:
हॉर्न आधी ऐकू येतो,
पाणी वळणावर सांडतं.

बैठक मासेबाजाराच्या शेडमध्ये.
इंजिनिअर हमूद मकबालींनी प्रश्न वाचले:
काय हवं? किती जणांना? किती वर्षं टिकेल?
पुरुषांनी पार्किंग मागितलं.
मग पुन्हा पार्किंग.
एक जण म्हणाला, कारंजं,
आणि सगळे इतके हसले
की मी ते लिहून घेतलं.

मग मागून मौझा बिन्त सईद उठली.
चेहऱ्यावर निळसर मुखवटा, मुठीत खजुराच्या बिया.
म्हणाली, होड्या पहाटे परततात,
आम्ही उभ्या असतो.
चाळीस वर्षं उभ्या आहोत.
एक बाक.
आणि खाली बसली, वाळूत.

हमूदसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
त्या रात्री मी तांबड्या रेषेनं
भरतीच्या खुणेपासून अठरा मीटरवर
एक छोटा आयत काढला.
प्रस्तावित. लांबी दोन पूर्णांक चार.

फॉर्मचा नववा रकाना: लाभार्थी.
घरोघरची माणसं मोजून झाली.
गोदामामागच्या खोल्यांतले आम्ही,
बर्फ फोडणारे चित्तगावचे,
जाळी सांधणारे दोघे मलबारी,
केस कापणारा मुरादाबादचा आणि मी,
तळटिपेत.
"तात्पुरते."
चौदा वर्षांचा तात्पुरता माणूस
आपली तळटीप आपल्याच हातानं टाइप करतो,
फॉन्ट आठ ठेवतो.
हमूदसाहेब मागे येऊन उभे राहिले.
काही बोलले नाहीत,
वाकून त्यांनी आठाचा नऊ केला.

मंजुरी आली, मागितल्याच्या निम्मी.
कात्री लावायला रात्रभर बसलो.
पार्किंग राहिलं. दिवे राहिले.
कारंजं, देवाशप्पथ, राहिलं,
वर कुणालातरी चित्रात आवडलं म्हणे.
बाक गेला.
दीडशे रियालांचा बाक एकतिसाव्या ओळीत होता
आणि रेघ तिसाखाली पडली.

सांगायला मीच गेलो, उजाडायच्या आत.
माझं अरबी किराण्यापुरतं.
"इन्शाल्ला"पासून निघून
"पुढच्या वर्षी"पर्यंत पोचतोय
तोवर मौझानं हातानंच थांबवलं,
पुढे बोट केलं.

फुटक्या होडीची फळी,
बर्फाच्या दोन पेट्यांवर टाकलेली,
वर आणखी तिघी बसलेल्या,
मौझाची जागा मधोमध मोकळी,
आणि पलीकडच्या टोकाला, हातभर अंतर सोडून,
चित्तगावचा रफीउल, गमबूट काढून,
ओली बोटं वाऱ्याला धरून.
रफीउल जरा सरकला.
मी बसलो नाही, कामावर होतो...
खोटं कशाला सांगू, बसलो.
फळी डाव्या अंगाला कलते.

होड्या यायला अवकाश होता.
कुणीच घाईत नव्हतं.

टेबलावर परतलो, मफलर गुंडाळला.
दुसऱ्या हप्त्याच्या नकाशात
तांबडा आयत पुसला,
त्याच जागी काळ्या रेषेनं पुन्हा काढला.
विद्यमान.
टेप न्यायला विसरलो होतो,
लांबीच्या जागी लिहिलं: सहा माणसं.
तपासणीसाला मीटर लागतात, ठाऊक आहे.
विचारील तेव्हा बघू.