क्रियापद शेवटी येतं

लॅपटॉपखाली जर्मन शब्दकोशाचे दोन खंड,
कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला यावा म्हणून.
तीस वर्षांत त्यांचा रोज उपयोग
पहिल्यांदाच होतोय.

धडा पाचवा: उपाहारगृहात.
'एक कॉफी, कृपया.' 'खिडकीजवळची जागा आहे का?'
चौदा चौकटींतून चौदा जण कॉफी मागवतात.
खाली कर्वे रस्त्यावर
पोलिसाच्या शिट्टीखेरीज काही मिळत नाही.

वर्ग आता पुण्यात राहिलेला नाही.
चंदगडचा निवृत्ती पाण्याच्या टाकीवर चढून हजेरी देतो,
मागे कुणाची तरी म्हैस रेकते.
कोंढव्याचा नौशाद तांबोळी स्वयंपाकघरातून,
कुकरच्या शिट्ट्यांमध्ये भूतकाळ चालवतो.

डेअर, डी, डास. तो, ती, ते.
इंग्रजीला नाही ती डोकेदुखी दोघांनाही आहे,
एवढ्यावर आमचं जमतं.
साथ: ती, दोन्हीकडे.
श्वास: तो, दोन्हीकडे.
ताप आपल्याकडे तो, त्यांच्याकडे ते.
विषाणूचं त्यांचंही नक्की नाही,
कोशात ते, बोलण्यात तो.
मृत्यूला तो म्हणतात.
त्यावर कुणी शंका विचारली नाही.

ऑक्सिजनला त्यांचा शब्द आहे, शब्दशः 'आंबट द्रव्य'.
एप्रिलपर्यंत मुलं त्याला हसायची.

साथीवरच्या जुन्या कादंबऱ्या अचानक सगळ्यांना हव्या झाल्या.
माझी प्रत शेजारच्या गोवंड्यांनी
सॅनिटायझरने पुसून परत केली,
शेवटची पानं एकमेकांना चिकटलेली.

आणि वैजयंता ओव्हाळ.
येरवड्याची, चोवीस वर्षांची, रात्रपाळीची नर्स.
इस्पितळाच्या जिन्यात बसून वर्गाला येते,
नाकावर मास्कचा वळ.
तिकडे परिचारिका हव्या आहेत.
इकडे नकोत का, असं तिला कुणी विचारत नाही,
पगार किती ते विचारतात.

त्या दिवशी 'कारण' शिकवत होते.
म्हटलं, एरवी जर्मन माणूस क्रियापद मध्येच उरकतो,
पण कारण सांगायचं झालं
की तोही मराठीसारखा धीर धरतो,
क्रियापद शेवटपर्यंत राखून ठेवतो.
वैजयंता, तुला उशीर का झाला?

'मला उशीर झाला, कारण मी आज रात्री
सतरा नंबरच्या आजोबांना...'

चित्र गोठलं.
कर्ता होता, काळ होता, जागच्या जागी सगळं होतं.
फक्त क्रियापद यायचं होतं.

भरवलं? उठवलं? झाकलं?
सगळी याच पातळीवरची, सगळी शिकवून झालेली.
प्रत्येक रिकामी जागा भरणारा निरंजनसुद्धा
म्यूटवरून हलला नाही.
माझ्या खिडकीखालून रुग्णवाहिका गेली,
आणि चार सेकंदांनी
कुणाच्या तरी माइकमधून पुन्हा गेली.

रात्री तीनला जाग आली ती व्याकरणाने.
'आजोबांना' ही द्वितीया की चतुर्थी?
मराठीत दोघींचा चेहरा एकच.
जर्मनमध्ये अक्षराचा फरक: डेन की डेम.
ती काय म्हणाली होती?
उठून रेकॉर्डिंग लावलं. आवाज फाटलेला.
आवाज बंद करून तिच्या तोंडाकडे पाहिलं.
ओठ मिटले होते. डेम.

चतुर्थी. संप्रदान.
म्हणजे काहीतरी दिलं होतं.
तेवढ्या एका विभक्तीवर मी
पहाटेपर्यंत बसून राहिले.

गुरुवारी ती आली, जिन्यातच, दिवा अर्धा गेलेला.
'मॅडम, माझं वाक्य राहिलं होतं,' म्हणाली,
आणि ते पहिल्यापासून म्हणाली:
कारण मी सतरा नंबरच्या आजोबांना
केस विंचरून दिले.
कारण त्यांच्या मुलीचा व्हिडिओ कॉल येणार होता.

दोन कारणं. दोन्हींकडे क्रियापद शेवटी.
सहायक क्रियापदही बरोबर लावलं होतं.
मी 'उत्तम' म्हणाले, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने.

सतरा नंबरचं पुढे काय, हे कुणी विचारलं नाही.
तिनेही सांगितलं नाही.

मी धडा सहावा उघडला:
विमानतळावर.