फुटामागे एक सूत

पहाटे साडेतीनला फोन वाजतो.
उद्यमनगरात तेव्हा दोघंच जागे,
समोरच्या फौंड्रीतला भट्टीवाला आणि मी.
चाळीस वर्षं लाकडी पॅटर्न केले,
रात्रपाळी कधी केली नाही.
ती आता पोरीनं लावली.

"बाबा, इथं बारा वाजलेत. रात्रीचे."
आणि निशिगंधा फोन फिरवते समुद्राकडं.

ऊन.
तिरकं, दाट, काकवीच्या रंगाचं.
पाण्यातून थेट उभे राहिलेले काळे डोंगर,
त्यांच्या पायाशी लाल घरं, खांबांवर, पाय भिजू नयेत अशी.
सूर्य खाली येतो, पाण्याला टेकतो,
रंकाळ्यात खूर घालून रेडकू बिचकावं तसा
बाजूबाजूनं उजवीकडं सरकतो
आणि न बुडताच वर निघतो.

तिच्या आईनं फुलावरून नाव ठेवलं होतं.
नावात निशा,
आणि गावाला दोन महिने निशाच नाही.
खिडकीला काळं कापड लावून झोपते म्हणे.

मासे वाळवायचे मांडव दाखवले तिनं,
उंच, लाकडी, रिकामे.
मासे उतरवून नेलेत, वास तेवढा राहिलाय.
लग्न उठल्यावर दिसतो तसा सगळा किनारा.

गेल्या रविवारी तोरलाइफ नावाच्या म्हाताऱ्यानं
तिला जुनी होडी बघायला नेलं,
मातीखालून निघालेली, हजार वर्षांची.
मी म्हटलं, फोन जवळ ने. अजून जवळ.
फळ्या कौलांसारख्या एकीवर एक,
मधे लोखंडी रिवेट, गंजून विटकरी.
ड्रॉइंग नाही, पट्टी नाही, नुसत्या नजरेनं काढलेला बाक.
आणि बाकावर वाकसाचे घाव.
ते मला वाचता येतात.
"डावखुरा होता," मी म्हटलं,
"आणि इथं, बघ, थांबलाय. धार लावायला गेला असेल,
नाहीतर कुणी हाक मारली असेल."
तिनं ते म्हाताऱ्याला सांगितलं.
तो बराच वेळ काही बोलला नाही,
मग आपला डावा हात फळीवर ठेवून उभा राहिला.

मी आयुष्यात समुद्र एकदा बघितला,
आंबा घाट उतरून, रत्नागिरीला, एका वरातीबरोबर.
चपला हातात घेतल्या होत्या एवढंच आठवतं.

समोर आता ओतकाम सुरू झालं.
मीही फोन फिरवतो.
"हा बघ आमच्याकडचा. दोन मिनिटंच असतो."
लाडलमधून नारिंगी धार,
भट्टीवाल्याचा अर्धा चेहरा,
मग साच्याच्या तोंडावर लाल टिकली,
मग तीही नाही.

ओतताना लोखंड पुरं असतं,
निवताना आकसतं, फुटामागे एक सूत.
म्हणून पॅटर्नवाल्याची फूटपट्टी खोटी असते,
तिचा प्रत्येक फूट जरा लांब.
निवण्याची तजवीज आधीच करून ठेवलेली.

त्याच पट्टीनं दर दिवाळीला
वर्कशॉपच्या चौकटीवर पोरीची उंची मोजायचो.
शेवटची खूण पाच फूट दोन.
जहाजाच्या मेडिकलला गेली तर
पाच सूत जास्त भरली.
डॉक्टर म्हणाला, घरी कुणी मोजलं?
ती हसली म्हणे. मला नंतर कळलं.

"वॉच आहे बाबा, इंजिनावर जाते."
पडद्यावर तिचा कान, मग जिना,
मग उन्हाचा एक तुकडा, कशाचा ते कळलं नाही.

इकडं अंधार आहे तसाच.
किती मैल, किती दिवस,
मोजायला बसलो की
कुठली पट्टी घ्यावी तेच ठरत नाही.

आतून तिची आई विचारते,
"पडला का तिकडं अंधार?"
"न्हाई अजून."
"पडला की सांग,"
म्हणते, आणि कूस बदलते.