पासंग

चौदा वर्षं मी नातेला ख्विचियाबाईंची पेटी वाहिली.
आत निळ्या मखमलीत पितळी वजनं
उतरत्या भाजणीनं, आणि एक चिमटा.
बोट लावायचं नाही.
बोटाचा घाम वजनाला चढतो, म्हणायच्या,
मग ते तुमच्या बाजूनं बोलू लागतं.

कुताइसीच्या बाजारात चीजवाल्या बायका
आम्हाला पाहून घाईघाईनं परडी पुसत.
तिथली चूक कधी गिऱ्हाइकाकडे झुकलेली,
कधी दुकानाकडे.
बाई वहीत लिहीत : अधिक-उणे दहा ग्रॅम.
आणि शिक्का मारत.

मग गुरिया. चहाचा कारखाना, जुलैचा चिकट उकाडा,
टोपल्या घेऊन बायकांची रांग,
आणि सरकारी काटा.
शंभर किलोला एकोणनव्वद.
पुन्हा एकोणनव्वद.
तीस वेळा तोललं. आकडे मी वाचत होतो.
मॅनेजर वालिकोनं दोनदा वाइन मागवली.
शेवटी काट्याच्या पोटात सापडला पासंग,
शिशाचा,
वरून नीट हिरवा रंग दिलेला.

त्या रात्रीची वही माझ्याकडे आहे :
‘दोन्हीकडे पडते ती चूक.
कायम एकाच बाजूला पडते
तिला राज्य म्हणतात.’

शिक्का दिला नाही, म्हणून बदली झाली
थर्मामीटरच्या गोदामात.
तिथं अकरा वर्षं, रद्द झालेल्या फॉर्मांच्या पाठीवर
त्या लिहीत राहिल्या :
कायद्यालाही हवी फेरतपासणीची तारीख;
ज्याचा माल तोलायचा
त्याच्याकडे हवी काट्याच्या पोटाची किल्ली;
आणि काटा तपासणाऱ्याला कोण –
इथं शाई गोठली असावी.

पुढे देश सुटा झाला, दिवे गेले.
ओव्हरकोटातली पोरं चौथ्या मजल्यावर चढून आली,
चौकात ओरडून घसे बसलेले.
बाई, सत्य आता आपल्या बाजूला आहे!
बाईंनी रॉकेलच्या दिव्याची वात खाली केली.
किती? अधिक-उणे किती?
त्यांना वाटलं, म्हातारीला ऐकू येत नाही.
एकानं तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं.
फक्त त्सियाला नावाची एक मुलगी
बूट न काढताच खाली बसली
आणि तिनं वही मागितली.

आता तिला पुस्तक करायचंय. मला विचारते,
काही राहिलंय का सांगायचं?

वालिकोनं दुसऱ्यांदा वाइन मागवली तेव्हा
बाई काट्याखाली वाकल्या होत्या.
मी प्यालो.
पुढचे तीन आकडे मी ब्याण्णव वाचले.
त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं,
आणि सगळं पहिल्यापासून तोलायला घेतलं.

वहीत हे नाही.