पदभार

निरोपसमारंभ एप्रिलातच उरकला होता.
शाल, श्रीफळ, नगरसेवकांचं लांबलेलं भाषण,
सातवीच्या मुलींचं रडणं, गार झालेले बटाटेवडे.
आज एकतीस मे. शाळेला सुट्टी.
सातपूरच्या उन्हात वर पत्रे तडतडतायत
आणि ऑफिसात आपण दोघीच, थेटे बाई,
मध्ये डेडस्टॉक रजिस्टर.

तुम्ही वाचायचं, मी खूण करायची.
लाकडी खुर्च्या एकोणीस, पैकी तीन मोडक्या.
पृथ्वीचा गोल एक, आस वाकलेला.
हार्मोनियम एक, भाता फाटका.
घंटा, पितळी, एक.

घंटेपाशी तुम्ही जरा थांबलात.

आधी शाळा अडीचला सुटायची
आणि कंपन्यांचा भोंगा तीनला.
तो अर्धा तास पोरं फाटकाबाहेर,
ट्रकांच्या चाकांच्या उंचीची.
तुम्ही आल्यावर दुसऱ्याच महिन्यात वेळ बदललीत.
सव्वातीन.
पहिल्या पाळीचे आईबाप
रिकामे डबे वाजवत येतील, तेव्हा सुटेल शाळा.
वरून खुलासा मागवला गेला.
तुम्ही एकच ओळ लिहिलीत:
'न्यायला कुणीतरी आलेलं असावं, म्हणून.'
जावक क्रमांक एकशे चौदा. फायलीत आहे अजून.
मी परवा पुन्हा काढून वाचला.

कौतुक मात्र तुम्हाला कधी जमलं नाही.
अठरा वर्षांत मला एकदाच म्हणालात, 'बरं झालं',
तेही माझी बदली रद्द झाली तेव्हा,
आणि लगेच विचारलंत, चौथीचे पेपर तपासून झाले का.

भांडलेही आहे मी तुमच्याशी.
सुरगाण्याकडून बांधकामावर आलेल्यांची मुलं
तुम्ही नोव्हेंबरात बसवायचात माझ्या वर्गात.
दाखला नाही, वही नाही, पायात काही नाही.
मी म्हटलं, बाई, ही मार्चमध्ये निघून जातील,
निकाल माझा खाली येतो.
तुम्ही चष्मा पुसत म्हणालात,
'मार्चपर्यंत तर आहेत ना?'
चिंधू गांगुर्डे फेब्रुवारीतच गेला.
सातचा पाढा अर्धा सोडून.
तेव्हा वाटलं, माझंच खरं होतं.

आता कपाटाचा खालचा कप्पा उघडता तुम्ही.
सुतळीने बांधलेल्या वह्या. सदतीस.
प्रत्येकीवर नाव, आणि शेवटचा दिवस
तुमच्या अक्षरात.
सर्वांत वर त्याची.
सात पाचे पस्तीस, पुढे कोरं.
ही नोंद कुठल्याच रकान्यात बसत नाही.
'निर्लेखित दाखवू का?' मी विचारते.
'छे. येतील कधी मागायला,' तुम्ही म्हणता,
जणू कालच गेलीत पोरं.
मी समासात लिहिते: वह्या, सदतीस, चालू.

मग किल्ल्या.
सत्तावीस, एकाच लोखंडी कडीत.
ही प्रयोगाच्या खोलीची, ही पोषण आहाराच्या तांदळाची,
ही संडासाची, ही कधीही हरवू नका.
आणि एक बारीक, गंजकी.
'ही कशाची, मलाही ठाऊक नाही.
माझ्याकडेही अशीच आली होती. राहू द्या.'

सही. दिनांक. तुमची, खाली माझी.
शिक्का मीच मारला, जरा तिरका पडला.
तुम्ही पिशवीत भरलंत
कान तुटलेला कप, पाठीमागची उशी,
आणि टेबलाच्या काचेखालून काढलेला
सहलीचा एक फोटो, गंगापूर धरणावरचा,
ज्यात तुम्ही सोडून सगळे हसतायत.

मी काहीतरी बोलणार होते.
रात्री लिहूनही आणलं होतं, पर्समध्ये होतं.

तेवढ्यात तीनचा भोंगा झाला.
आवारात एकही मूल नव्हतं,
फाटकाशी फक्त एक शेळी,
तरी तुम्ही घड्याळ पाहिलंत
आणि उठता उठता पुन्हा बसलात.
मीही बसले.
सव्वातीन होईपर्यंत.